मैदान ओस असताना

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा सामन्यांचा इतिहास लिहितात. कोणी किती गुण केले, कोणता संघ कोणत्या साली अजिंक्य ठरला, कोणत्या वीराने अखेरच्या क्षणी बाजी पालटविली, यांच्या नोंदींनी त्यांचे ग्रंथ भरलेले असतात. आणि दोन हंगामांच्या मधला मोकळा काळ पुस्तकातील कोऱ्या पानासारखा उलटून टाकण्याची त्यांस सवय असते. पुष्कळ खेळांच्या बाबतीत ही रीत खपून जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॉलेजांत जो फुटबॉल खेळला जातो त्याच्या बाबतीत मात्र ती खपत नाही. त्या खेळाचे बहुतेक मोठे पालट मैदान ओस पडलेले असताना झाले आहेत. कधी समितीच्या बैठकीत, कधी समुद्रासारख्या विशाल सरोवराच्या वाळूत, कधी न्यायालयात. त्या पालटांतून ‘क्वार्टरबॅक’ नावाचा एक गडी हळूहळू खेळाचा राजा झाला, आणि त्याच पालटांतून एक प्रश्न वारंवार डोके वर काढीत राहिला: विद्यार्थी म्हणून मैदानात उतरणाऱ्या या तरुणाच्या श्रमाचे फळ कोणाचे?

या खेळाचे वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते व जानेवारीत संपते. उरलेले सुमारे सात महिने तेथे एकही खरा सामना होत नाही. तरीही त्याची चर्चा एक दिवस थांबत नाही. कोणता मुलगा कोणते विद्यापीठ सोडून कोठे चालला, पुढील वर्षी कोणत्या संघाचा क्वार्टरबॅक कोण होणार, अमक्या गावच्या शाळेतील सोळा वर्षांच्या पोराचा हात किती दूर चेंडू फेकतो, याच वार्तांवर लक्षावधी माणसे ते सात महिने काढतात. आपल्याकडे लग्नसराईपूर्वी घरोघर स्थळांची चर्चा चालावी, घराणे पाहावे, उंची मोजावी, पूर्ववृत्ताची चौकशी करावी, आणि शेवटी देण्याघेण्यावर गोष्ट यावी, तसाच हा प्रकार असतो.

वाचकांच्या ओळखीचा फुटबॉल तो हा नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. येथे चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो हातात घेऊन पळता येतो, हाताने फेकता येतो, आणि चेंडू घेतलेल्या गड्यास अंगावर धावून जाऊन पाडता येते. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी रांगेच्या मधला गडी आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे देतो, आणि तो जो घेतो तो क्वार्टरबॅक. घेतलेला चेंडू शेजारच्या सोबत्याच्या हाती द्यावयाचा, स्वतः घेऊन पळावयाचे, की दूर धावत गेलेल्या गड्याकडे फेकावयाचा, याचा निर्णय त्याने तीनचार सेकंदांत घ्यावयाचा असतो. आणि तेवढ्यात प्रतिपक्षाचे दांडगे गडी त्याच्यावर तुटून पडत असतात. संघाचे भवितव्य या एका तरुणाच्या डोळ्यांवर, हातावर आणि धैर्यावर टांगलेले असते.

या वैभवाचा आरंभ मात्र अगदी साधा आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी प्रांतातील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स व प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो सामना झाला तो या परंपरेतील पहिला मानतात. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते, चेंडू लाथेने मारावयाचा होता, आणि रटगर्सने सहा विरुद्ध चार अशा गुणांनी विजय मिळविला. १८७४ मध्ये कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाचा संघ हार्वर्ड येथे आला, त्याने रग्बीच्या धर्तीचा खेळ दाखविला, आणि हार्वर्डच्या विद्यार्थ्यांस तो इतका रुचला की दोनच वर्षांत, १८७६ साली, पूर्वेकडील प्रमुख कॉलेजांनी रग्बीचे नियम पत्करले. इतकी वर्षे हा खेळ विद्यार्थीच चालवीत होते. नियम तेच करीत, वाद तेच मिटवीत.

त्या विद्यार्थ्यांपैकी येल येथील वॉल्टर कॅम्प याने या उसन्या खेळास स्वतंत्र रूप दिले. रग्बीत दोन्ही बाजूंचे गडी एकमेकांना भिडून झुंबड करतात आणि त्या झुंबडीतून चेंडू कोणाकडे निसटेल हे दैवावर असते. कॅम्पच्या शिस्तप्रिय बुद्धीस हे मानवेना. त्याच्या आग्रहाने १८८० मध्ये नियम झाला की चेंडू एका पक्षाच्या निर्विवाद ताब्यात असावा, त्याच पक्षाच्या मधल्या गड्याने तो मागे द्यावा, आणि बाजूस पंधराऐवजी अकरा गडी असावेत. मागे दिलेला चेंडू जो प्रथम घेईल त्यास क्वार्टरबॅक म्हणावे, असेही ठरले. रांग आणि सर्वांत मागचा गडी यांमधील अंतराच्या पाव अंतरावर तो उभा राही, म्हणून ‘क्वार्टर’. मात्र त्याच नियमाने त्यास चेंडू घेऊन पुढे धावण्याची मनाई केली होती. आज राजा मानला जाणारा हा गडी जन्मास आला तो निरोप्या म्हणून. एकाकडून घ्यावे व दुसऱ्यास द्यावे, एवढेच त्याचे काम.

ताबा निर्विवाद झाला, तेव्हा नवीच अडचण उद्भवली. १८८१ च्या प्रिन्स्टन-येल सामन्यात प्रत्येक पक्षाने अर्धा वेळ चेंडू उराशी धरून काढला आणि कोणीच गुण केला नाही. म्हणून १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकण्याची अट आली. ते मोजण्यासाठी मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेषा आखल्या गेल्या, आणि मांस भाजण्याच्या जाळीसारख्या दिसणाऱ्या त्या मैदानावरून खेळास जाळीचे नावही मिळाले. कॅम्प पुढे जन्मभर नियम-समितीत बसला. आणि मार्च १९२५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याच समितीच्या बैठकीसाठी आला असता रात्री झोपेतच वारला. हंगामाबाहेरच्या महिन्यांत खेळ घडविणाऱ्या या पुरुषास मृत्यूही त्याच महिन्यांत यावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

परंतु पाच यार्डांच्या नियमाचा परिणाम भयंकर झाला. एवढेसे अंतर कापावयाचे तर सर्व गड्यांनी एकमेकांस धरून पाचरीसारखे प्रतिपक्षात घुसणे हाच सोपा मार्ग होता. हात मोडले, डोकी फुटली, आणि तरुण मरू लागले. १९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांच्या मोजणीप्रमाणे देशभर सुमारे दीड डझन तरुण या खेळापायी प्राणास मुकले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा पुत्र त्याच वर्षी हार्वर्डच्या नवशिक्यांच्या संघात खेळत होता. ९ ऑक्टोबर रोजी त्यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानी बोलावून खेळ सुधारण्याविषयी बजाविले. तरी नोव्हेंबरात न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा एक विद्यार्थी मरण पावला. तेव्हा त्या विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्क्रॅकन यांनी परिषद बोलाविली, आणि २८ डिसेंबर १९०५ रोजी ६२ संस्थांचे प्रतिनिधी एकत्र जमले. कोलंबियाने तर तो खेळच बंद केला. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही विद्यापीठे रग्बीकडे वळली.

त्या हिवाळ्यात दोन जुळी अपत्ये जन्मास आली. पहिले म्हणजे कॉलेजांचा क्रीडासंघ, ज्यास १९१० पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघ असे नाव आहे. दुसरे म्हणजे चेंडू पुढे फेकण्याची परवानगी. खेळ पसरट व्हावा, गडी एका ठिकाणी गोळा होऊ नयेत, हा तिचा हेतू होता. खुद्द कॅम्पला ती पसंत नव्हती. सरकण्याचे अंतर दहा यार्ड केले म्हणजे पुरे, असे त्याचे म्हणणे. दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. पण फेकीवर इतकी बंधने लादली गेली की ती जणू नाखुशीनेच दिली असे वाटावे. फेकलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता भुईवर पडला तर तो थेट प्रतिपक्षास मिळे. ५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने विस्कॉन्सिन प्रांतात कॅरोल कॉलेजविरुद्ध जी पहिली नियमसंमत फेक केली ती अशीच भुईवर पडली, आणि चेंडू हातचा गेला. त्याच सामन्यात त्याने पुन्हा फेक केली, आणि ती सोबत्याने झेलली.

जुळ्यांपैकी एकाने क्वार्टरबॅकास राज्य दिले. दुसऱ्याने पुढे त्या राज्याच्या उत्पन्नावर त्याचा हक्क नाही असे सांगितले. या खेळाचा पुढील सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन भावंडांच्या भांडणाचा इतिहास आहे.

प्रथम राज्याची हकीकत पाहू. १९१२ मध्ये फेकीवरील बंधने सैल झाली व चार प्रयत्न मिळू लागले. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात इंडियाना प्रांतातील नोत्र दाम येथील दोन विद्यार्थी, गस डोरे व नूट रॉकनी, ओहायोत ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट येथे नोकरीस होते. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवावयाचे व कोणी बुडू लागल्यास वाचवावयाचे, हे त्यांचे काम. फावल्या वेळी डोरेने वाळूत चेंडू फेकावा आणि रॉकनीने धावता धावता तो हातांच्या बोटांत अलगद झेलावा, असा त्यांचा अभ्यास चाले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या नामांकित संघाशी त्यांची गाठ पडली. डोरेने सतरा फेकी केल्या, त्यांपैकी चौदा झेलल्या गेल्या, आणि नोत्र दामने ३५ विरुद्ध १३ असा विजय मिळविला. फेकीचा शोध त्या दिवशी लागला असे सांगतात, ते खरे नाही. सात वर्षे ती नियमात होती. पण पूर्वेकडील वृत्तपत्रांच्या डोळ्यांदेखत ती प्रथम शस्त्र म्हणून चालली, आणि ते शस्त्र उन्हाळ्यात वाळूवर परजलेले होते.

तथापि क्वार्टरबॅक अद्याप राजा झाला नव्हता. त्या काळच्या प्रचलित व्यूहात चेंडू बहुधा मागच्या दुसऱ्याच गड्याकडे थेट जाई, आणि क्वार्टरबॅक त्याची वाट मोकळी करून देणारा भालदार ठरे. हा व्यूह मोडला त्याची कथा मोठी चमत्कारिक आहे. शिकागो विद्यापीठ हे एके काळी या खेळाचे माहेरघर. १९३५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूस देण्यात येणारे जे स्मृतिचिन्ह पुढे हाइझमनच्या नावाने प्रसिद्ध झाले ते प्रथम मिळाले शिकागोच्या जे बर्वांगरला. फेब्रुवारी १९३६ मध्ये व्यावसायिक संघांनी कॉलेजातील तरुणांची पाळीपाळीने निवड करण्याची पद्धत सुरू केली, तीतही पहिले नाव त्याचेच निघाले. आणि त्याने व्यावसायिक खेळास नकार देऊन साधी नोकरी धरली. तो काळच तसा होता. पण विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांस विद्या आणि हा तमाशा एका छपराखाली नांदू शकत नाहीत असे ठामपणे वाटे. १९३९ च्या हंगामात शिकागोचा मिशिगनकडून शून्याविरुद्ध ८५ गुणांनी पराभव झाला, आणि डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. ओस पडलेल्या त्याच क्रीडांगणाच्या प्रेक्षकसज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी अणूंच्या विघटनाची पहिली नियंत्रित साखळी घडविली.

खेळ बंद झाल्यामुळे शिकागोचे प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी यांना दुसरीकडे जावे लागले. १९४० च्या वसंतात ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे गेले. तेथील संघाने आदल्या हंगामात अवघा एक सामना जिंकला होता. शॉनेसींनी जुना ‘टी’ आकाराचा व्यूह नव्या रीतीने मांडला: प्रत्येक चेंडू प्रथम क्वार्टरबॅकाच्याच हाती यावयाचा, आणि पुढचे सारे त्याच्या हातचलाखीवर. त्यासाठी त्यांनी फ्रँकी आल्बर्ट या डावखुऱ्या तरुणाची निवड केली. तोच संघ त्या वर्षी सर्व सामने जिंकला आणि १ जानेवारी १९४१ रोजी रोझ बोलमध्ये त्याने नेब्रास्कास २१ विरुद्ध १३ गुणांनी हरविले. त्याआधी ८ डिसेंबर १९४० रोजी व्यावसायिक अंतिम सामन्यात शिकागो बेअर्स या संघाने याच व्यूहाने वॉशिंग्टनचा ७३ विरुद्ध शून्य असा धुव्वा उडविला होता. काही वर्षांतच बहुतेक संघांनी हा व्यूह उचलला. एका विद्यापीठाने विद्येच्या नावाने खेळ टाकला, त्यामुळे एक माणूस मोकळा झाला, आणि त्या मोकळ्या माणसाने एका वसंतात क्वार्टरबॅकास सिंहासनावर बसविले. इतिहासाचे कार्यकारणभाव असे आडवाटेने चालतात.

आता दुसऱ्या भावंडाकडे वळू. खेळाडूने केवळ हौसेने खेळावे, मोबदला घेऊ नये, हे तत्त्व क्रीडासंघाने आरंभापासून उराशी बाळगले. तत्त्व उदात्त खरे. परंतु कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने कॉलेजांच्या क्रीडाप्रकारांची विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली, तीत बहुसंख्य संस्था या ना त्या वाटेने खेळाडूंस पैसा पुरवितात असे उघडकीस आले. अखेर १९५६ मध्ये संघाने तडजोड केली. केवळ खेळाच्या गुणावर शिष्यवृत्ती द्यावी. फी, राहणे, जेवण, पुस्तके यांचा खर्च विद्यापीठाने सोसावा. त्याहून अधिक एक कवडीही देऊ नये.

याच सुमारास एक नवा शब्द प्रचारात आला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका लहान कॉलेजचा खेळाडू सामन्यात डोक्यास मार लागून मरण पावला. कारखान्यातील मजुराच्या विधवेस मिळते तशी नुकसानभरपाई त्याच्या विधवेने मागितली. १९५७ मध्ये त्या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कॉलेजाचा धंदा फुटबॉल नव्हे, तेव्हा तो तरुण नोकर नव्हता आणि भरपाई देय नाही. असे दावे पुढेही येतील हे ओळखून क्रीडासंघाचे कार्यकारी प्रमुख वॉल्टर बायर्स व त्यांचे सहकारी यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द घडविला व सर्व नियमांत, सर्व पत्रकांत तोच वापरावा असा दंडक घातला. शब्द गोड, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. विद्यार्थी म्हणावे तर १९७३ पासून शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच झाली; खेळ उतरला तर प्रशिक्षकाने ती पुढे चालू न ठेवण्याची मुभा होती. खेळाडू म्हणावे तर मजुराचे संरक्षण नाही. विद्यापीठ बदलल्यास बहुधा एक वर्ष मैदानाबाहेर बसावे लागे; आणि ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर मुलगा आला तो प्रशिक्षक मात्र मोठ्या पगारासाठी एका रात्रीत निघून जाऊ शके. विशेष हे की, जन्मभर ही व्यवस्था राखलेल्या बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ साली, तिच्याविरुद्ध पुस्तक लिहिले आणि त्या शब्दाची जन्मकथाही सांगून टाकली.

दरम्यान उत्पन्न फुगतच होते. दूरचित्रवाणीवर किती सामने दाखवावे हे क्रीडासंघ ठरवीत असे. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली, आणि विद्यापीठे आपापले हक्क विकण्यास मोकळी झाली. विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते, जे स्वतः तरुणपणी कोलोरॅडोचे नामांकित खेळाडू होते. असा मोकळा व्यापार झाल्यास विद्येशी असलेले नाते सुटेल ही त्यांची भीती होती. त्यानंतर पैशाचा ओघ असा वाढला की मिशिगन विद्यापीठाच्या एक लक्षाहून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या क्रीडांगणासारखी क्रीडांगणे हीच त्या गावांची ओळख होऊन बसली. शिक्षणासाठी ॲन आर्बरला जाणाऱ्या मराठी मुलामुलींसही शरदातील शनिवार म्हणजे काय, हे पहिल्याच सत्रात कळते.

या सर्व वैभवाच्या मधोमध उभा असलेला क्वार्टरबॅकच पहिल्यांदा बोलला, यात नवल नाही. जानेवारी २०१४ मध्ये, हंगाम संपल्यावर, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केन कोल्टर या क्वार्टरबॅकाने आपल्या सोबत्यांसह कामगारसंघ स्थापण्याचा अर्ज केला. मार्चमध्ये कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने ते नोकर आहेत असे म्हटले. ऑगस्ट २०१५ मध्ये वरिष्ठ मंडळाने या प्रकरणात अधिकार चालविण्याचे नाकारले. अर्ज बुडाला, पण प्रश्न तरला. ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची एक नोंदवही सुरू झाली. २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासंघाविरुद्ध एकमताने निर्णय दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव व चेहरा जाहिरातीस देऊन पैसे घेण्याची मोकळीक मिळाली, आणि एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बसण्याची अटही गेली. २०२४ मध्ये कितीही वेळा बदलण्यावरील बंधन उठले. शेवटी ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एक मोठा समझोता मंजूर केला: पूर्वीच्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत द्यावयाचे, आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक विद्यापीठास आपल्या खेळाडूंना वर्षास सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलरपर्यंत थेट देता यावयाचे. महिने पाहावेत: जानेवारी, मार्च, जून, जुलै. मैदान ओसच होते.

आता हंगामाबाहेरच्या वार्तांचा अर्थ बदलला. पूर्वी त्या केवळ अटकळी होत्या. आता त्या बाजारभाव झाल्या. २०२६ साली विद्यापीठ बदलण्यासाठी २ ते १६ जानेवारी असा एकच पंधरवडा ठरला, आणि त्या पंधरवड्याकडे लोक अंतिम सामन्याइतकेच डोळे लावून बसले. बाजारात सर्वांत महाग वस्तू अर्थातच क्वार्टरबॅक. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रशिक्षक लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून दक्षिण कॅलिफोर्नियास गेले, तेव्हा त्यांचा तरुण क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स त्यांच्या पाठोपाठ तेथे गेला, २०२२ चे हाइझमन चिन्ह त्याने पटकाविले, आणि २०२४ च्या व्यावसायिक निवडीत तो पहिला निघाला. त्या वर्षीच्या पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक होते, आणि त्यांपैकी चौघांनी मधे विद्यापीठ बदललेले होते. जुन्या नियमानुसार ज्यांना एक वर्ष बसावे लागले असते, त्यांनीच नव्या काळात बाजी मारली.

या बाजारास एक मोठे वैगुण्य मात्र आहे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात अशी आपली म्हण असली तरी क्वार्टरबॅकाचा हात पाळण्यात दिसत नाही. मिशिगनचा टॉम ब्रेडी २००० सालच्या निवडीत १९९ वा निघाला, आणि पुढे त्याने सात वेळा व्यावसायिक अजिंक्यपद मिळविले. २०२५ च्या उन्हाळ्यात सर्वांच्या तोंडी आर्च मॅनिंग हे नाव होते. आजोबा आर्ची, काका पेटन व ईलाय, सारे नामवंत क्वार्टरबॅक. त्याच्या बळावर टेक्सास विद्यापीठ वार्ताहरांच्या हंगामपूर्व क्रमवारीत आपल्या इतिहासात प्रथमच पहिले आले, आणि ३० ऑगस्ट रोजी पहिल्याच सामन्यात ओहायोकडून १४ विरुद्ध ७ गुणांनी हरले. त्याच वर्षीचे हाइझमन चिन्ह गेले फर्नांडो मेंडोझा या तरुणाकडे. शाळेत असता त्यास कोणी मोठे विद्यापीठ विचारीत नव्हते. तो येल येथे जाणार होता, शेवटी कॅलिफोर्नियास गेला, तेथील पदवी मिळविली, आणि इंडियाना विद्यापीठात आला. फुटबॉलात दीर्घकाळ उपेक्षित राहिलेले ते विद्यापीठ त्याच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय अजिंक्य ठरले. गर्जेल तो पडेल काय, ही म्हण या बाजाराच्या प्रवेशद्वारावर कोरून ठेवण्याजोगी आहे.

या पालटाविषयी काय म्हणावे? जुन्या मताचे लोक म्हणतात की विद्येच्या मंदिरात बाजार भरला. त्यांस विचारावेसे वाटते की बाजार आज भरला काय? प्रशिक्षकाचा पगार, दूरचित्रवाणीचे करार, क्रीडांगणातील महागडी आसने, यांचा व्यापार तर कितीतरी दशके उघडपणे चालू होता. व्यापारात केवळ एकाच माणसास भाग नव्हता. ज्याच्या हाडांवर तो उभा होता त्यास. त्याचा हिस्सा त्यास देण्याने मंदिर बाटत असेल, तर ते फार पूर्वीच बाटलेले होते. एका विधवेस भरपाई नाकारण्यासाठी जो शब्द सरसावला, त्याच्या आड साठ वर्षे जे साचले त्याचा हिशेब न्यायालयाने मागितला, यात वाईट वाटण्याजोगे काही नाही.

परंतु नव्या मताच्या लोकांनीही विजयाचे नगारे फार जोराने वाजवू नयेत. समझोत्याने पैसा दिला. तो तरुण नोकर आहे की विद्यार्थी, या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. वाटणीत सर्वांत मोठा भाग फुटबॉलास जातो. पोहणारे, धावणारे, कुस्तीगीर यांच्या ताटात काय पडेल याची चिंता खरी आहे. सिद्ध झालेला गडी दुसऱ्या विद्यापीठातून विकत मिळत असता, शाळेतील कच्च्या पोरास हाती धरून तीन वर्षे घडविण्याचे धैर्य कोण करील? आणि जो मुलगा चार वर्षांत तीन विद्यापीठे पाहतो, तो त्यांपैकी कोणत्या गुरूचा शिष्य म्हणावा? मेंडोझाने स्थलांतर केले तरी पदवीही घेतली, हे उदाहरण सुंदर आहे. पण बाजार त्याची किंमत करतो ती पदवीवरून नव्हे.

व्हाइट यांची भीती आणि कोल्टर याची मागणी, दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिला म्हणत होता की पैसा विद्येस गिळील. दुसरा म्हणत होता की पैसा आलाच आहे, तर तो मिळविणाऱ्यास द्या. दुसऱ्याचे म्हणणे आता बरेचसे मान्य झाले. पहिल्याचे म्हणणे अद्याप कोणी ऐकलेले नाही, कारण ते ऐकण्याने कोणाच्याच पदरात काही पडत नाही. १९०५ च्या हिवाळ्यात ६२ संस्थांचे लोक जमले ते मुले मरत होती म्हणून. आणि त्यांनी नियम बदलले, खेळ वाचविला. आता मुले श्रीमंत होत आहेत. अशा वेळी परिषद बोलाविण्याची निकड कोणास भासावी? तरीही या खेळाचा इतिहास ज्याने पाहिला आहे त्यास आशा सोडण्याचे कारण नाही. त्याचे बहुतेक शहाणपण जयघोष थांबल्यावर, रिकाम्या आसनांकडे पाहताना सुचलेले आहे. आणि तसे सात महिने त्यास दरवर्षी मिळतात.